पंचविसावी काडी

१

“उलट्या? मी? मी काड्या उलट्या लावीन?”

शेडमध्ये कोणी नव्हतं. फोन केव्हाच बंद होऊन खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात गप पडला होता. तरी काडीवाला भांडत होता. समोरच्याशी भांडणं कोणालाही जमतं. नसलेल्याशी भांडायला दम लागतो, आणि दम त्याच्याकडे भरपूर होता.

“एकतीस वर्षं काड्या लावतोय! तू जन्मायच्या आधीपासून! या वाळूत रांगत होतीस तू, वाळू खात होतीस मूठ-मूठ, आणि आज मला शिकवतेस? चष्म्याच्या दुकानात बसतेस ना, तिथल्या गिऱ्हाइकांना शिकव. मला दिसतं. सगळं दिसतं मला!”

असं म्हणून त्यानं झारी समजून रंगाचा डबा उचलला, वाकडा केला, आणि त्यातून पाणी का येत नाही म्हणून डब्यालाही एक शिवी हासडली.

सगळे त्याला काडीवालाच म्हणत. काड्या खोचून रोपं करतो म्हणून. आणि एक काडी पडली की भडकतो म्हणूनही. तोंडावर पहिलं कारण सांगत, पाठीमागं दुसरं.

काम साधं होतं. झुडपाची पेन्सिलीएवढी फांदी घ्यायची, वीतभर काडी कापायची, ओल्या वाळूत खोचायची, वर प्लास्टिक घालायचं. महिनाभरात खाली मुळ्या, वर पान. तुती, डाळिंब, अंजीर. एकदा लागलं की दरसाल खायला घालणारी झाडं. पेरायला नको, नांगरायला नको.

एकतीस वर्षं हे दोघांनी केलं. शेडमध्ये घडी घातलेली दोन पोती, शेजारी शेजारी. उजवीकडच्या पोत्यावर तो, डावीकडच्या पोत्यावर त्याची बायको. ती कापायची, तो खोचायचा. तिचा काप ठरलेला. खालून सरळ, वरून तिरका. सरळ टोक वाळूत, तिरकं वर. म्हणजे टोकावर पाणी थांबत नाही, आणि वर कुठलं, खाली कुठलं ते आंधळ्यालाही कळतं. तो न बघता डावा हात बाजूला करायचा, ती तळव्यात काडी ठेवायची. टक्, हात, काडी. टक्, हात, काडी. बोलावं लागायचं नाही. बोलायचे ते भांडायला.

पाच महिन्यांपूर्वी ती गेली. मग कापणंही त्याच्याकडेच आलं. त्यानं तिरका काप बंद करून टाकला. दोन्हीकडून सरळ, खटाखट. “मला नाही लागत असले लाड. मला कळतं वर कुठलं,” असं तो तिच्या रिकाम्या पोत्याला सांगायचा.

आणि आता प्रश्न अंजिराचा होता. लग्न होऊन येताना तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी आणली होती. तिचं झाड शेडच्या दाराशी झालं. तुती विकली, डाळिंब विकलं, पण या अंजिराची काडी तिनं कोणालाही दिली नाही. हे घरचं, म्हणायची. त्या झाडाच्या खोडात किडा शिरला आणि उभं झाड वाळलं. एकच फांदी हिरवी राहिली होती. तिच्या चोवीस काड्या झाल्या. त्या झाडाचं जगात तेवढंच शिल्लक होतं.

पोरगी एकुलती. तिनं आधीच स्वच्छ सांगितलं होतं, “बाबा, एक महिना देते. काड्या फुटल्या तर मी तोंड उघडणार नाही. नाही फुटल्या तर सामान बांधायचं आणि माझ्याकडं यायचं. जागा दूधवाल्या काकांना देऊ, त्यांना गोठा वाढवायचाय. एकटे पडलात तर मला दोन दिवसांनी कळायचं.”

तावातावात तो “कबूल!” म्हणून बसला. आणि आज तिनं विचारलं, “चष्मा लावून खोचल्यात ना? मी करून दिलेला? नाही? बाबा, मग निम्म्या उलट्या असतील.”

उलटी काडी मुळी धरत नाही. पंधरा दिवस हिरवी राहते, माणसाला फसवते, आणि मग काळी पडते.

“मी उलट्या लावीन!” काडीवाला चोवीस काड्यांना म्हणाला आणि प्लास्टिक खाली सोडलं.

२

रोज सकाळी त्याचा एक नेम होता. काड्यांचा ट्रे एका कमरेएवढ्या उंच टेबलावर होता आणि त्यावर तारेच्या कमानींवर प्लास्टिक टाकलेलं, पाळण्याएवढं, फार तर पाळण्याहून थोडं मोठं. आत मांजर बसेल. माणसाचं डोकंही नीट मावणार नाही. तो एका बाजूनं प्लास्टिक उचलायचा, हात आत घालायचा आणि सगळ्या टोकांवरून तळवा फिरवायचा, पोराच्या नुकत्या कापलेल्या केसांवरून फिरवावा तसा. कोंब सुजला की तळव्याला आधी कळतं, डोळ्याला मागून.

त्या सकाळी तळवा निघाला. सपाट, सपाट, सपाट. पहिली ओळ. सपाट, सपाट. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत मध्येच तळव्याला टोचलं.

तो थांबला. बोटानं चाचपलं. एका काडीचं टोक तिरकं होतं.

त्यानं एकही तिरका काप घेतला नव्हता. पाच महिन्यांत एकही नाही.

त्यानं बोट नाकाशी नेलं. अंजिराचा चीक, पांढरा, ओला. काड्या कापून चार दिवस झाले होते. चीक घटकाभरात सुकतो. हा ओला होता.

काडीच्या बुडाशी वाळू दाबलेली होती. तो स्वतः अंगठ्यानं दाबायचा. एकच गोल खड्डा. इथं दोन खड्डे होते, बोटांचे.

काडीवाल्याला भीती वाटली नाही. त्याला राग आला. आयुष्यात कुठलीही गोष्ट त्याच्याकडं आधी राग होऊनच यायची. त्यानं चपला घातल्या आणि तडक शेजारी गेला.

दूधवाला गाईच्या पोटाखाली बसला होता.

“माझ्या काड्यांना हात लावलास?”

“सकाळी सकाळी काय झालं?”

“खरं बोल. काड्या मेल्या की जागा तुला. म्हणून घुसलास ना शेडमध्ये?”

दूधवाल्यानं धार न थांबवता मान वर केली. “मी घुसून काय केलं?”

“काडी उलटी केलीस.”

“बरं. आधी सुलटी होती का?”

काडीवाल्यानं गोठ्याचा खुंटा पायानं ढोसला.

“हे बघ काडीवाल्या,” दूधवाला म्हणाला, “माझ्याकडं नऊ गाई आहेत. पहाटेपासून मला माझी मान खाजवायला हात रिकामा नाही. मी तुझ्या काड्या फिरवायला येऊ? आणि फिरवायचीच तर एकच फिरवीन? वहिनी असत्या तर चहा तरी मिळाला असता, तेवढ्यासाठी आलो असतो.”

वहिनीचं नाव निघालं तशी दूधवाल्याची धार थांबली. गाय तेवढी शेपूट मारत राहिली.

“कुलूप लाव,” दूधवाला हळू आवाजात म्हणाला. “आणि जेवत जा.”

३

त्यानं कुलूप लावलं. किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप जागच्या जागी होतं. आत तीन काड्यांची टोकं तिरकी होती. त्याच्या पुढच्या दिवशी सहा.

टेबलाशेजारच्या खिळ्याला तिचा चाकू अडकवलेला असायचा. पाच महिने त्याला कोणी हात लावला नव्हता. त्यानंही नाही, तो सिकेटर, छाटणीची कात्री, वापरायचा. पात्यावर गंज चढला होता. आता गंजावर एक पांढरा ओघळ होता. त्यानं बोट लावलं. बोट चिकटलं.

काम तो तसंच करत राहिला. न करून जाणार कुठं? तुतीच्या पिशव्या भरायच्या होत्या, डाळिंबाची रोपं सावलीतून उन्हात काढायची होती. पण कान मागं लागलेले. पत्रा तापला की कडकडायचा. नळ बंद केल्यावरही पाइपात पाणी गुरगुरायचं. हे आवाज ओळखीचे होते, घरच्या माणसांसारखे. त्यांच्या मधूनच एक आवाज यायचा.

टक्.

ओल्या लाकडातून पातं निघाल्याचा. मग थोडं थांबून पुन्हा. टक्.

तो वळला की शेडमध्ये पत्रा, पाइप आणि उन्हाची एक पट्टी.

तिसऱ्या दिवशी त्यानं काड्यांच्या बुडाशी बोटं लावून बघितली. बघितली म्हणजे चाचपली. दोन खड्ड्यांपैकी एक खोल होता, एक उथळ. दुसऱ्या काडीपाशी तेच. तिसऱ्या काडीपाशी तेच. एक खोल, एक उथळ.

बायकोचं डावं मधलं बोट कडबा कापायच्या यंत्रात वरच्या पेरापासून गेलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. वाळू दाबताना ती तर्जनी आणि ते तुटकं बोट वापरायची.

काडीवाल्याला कळलं. कळलं, आणि त्यानं ते स्वतःलासुद्धा कळू दिलं नाही. हात पुसला आणि पोरीला फोन लावला.

“तू रात्रीबेरात्री येऊन जातेस का इथं?”

“बाबा, दीडशे किलोमीटर आहे.”

“मग काड्या कोण फिरवतंय?”

डोळे तपासताना बोलायची तशी ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, “बाबा, तुम्हीच फिरवत असाल. आणि विसरत असाल. होतं असं, एकट्या माणसाचं होतं.”

“मला वेड लागलंय?”

“मी असं म्हटलं का?”

“मग काय म्हटलंस?” आणि त्यानं फोन आपटला.

पण ते डोक्यात बसलं. त्यानं वाळूचा एक रिकामा डबा घेतला आणि स्वतःची दोन बोटं दाबून बघितली. दोन्ही खड्डे सारखे खोल. मग मधलं बोट दुमडून दाबलं. एक खोल, एक उथळ. अगदी तसंच.

म्हणजे तोही असेल. झोपेत उठत असेल, गळ्यातल्या किल्लीनं कुलूप उघडत असेल, बोट दुमडत असेल. असेल. चोरापेक्षा, आणि दुसरं जे काही असेल त्याच्यापेक्षा, हे वाईट होतं. ते खरं असलं तर पोरगी बरोबर होती, आणि त्यानं खरंच सामान बांधायला हवं होतं.

४

पाचव्या दिवशी दुपारी तो पोत्यावर बसून तुतीच्या पिशव्या भरत होता.

दुपार म्हणजे ती वेळ, जेव्हा कोंबड्याही गप होतात. दाराशी वाळलेलं अंजिराचं झाड, त्याची जाळीसारखी सावली आत आलेली. डोक्यात पोरीशी भांडण चालूच होतं. माती भर, पिशवी आपट, काडी खोच. माती भर, पिशवी आपट. भांडणात त्याचा जोर असा लागला की हात आपोआप चालू झाले, एकतीस वर्षं चालायचे तसे. पिशवी गुडघ्यात धरली, उजव्या बोटानं मातीत भोक पाडलं, आणि न बघता डावा हात बाजूला केला. तळवा वर.

तळव्यात काडी आली.

हळूच ठेवलेली. पडलेली नव्हे. ठेवणारा हात निघून जाताना तळव्याला जरा घासतो, तसा घासला.

काडीवाला हलला नाही.

मान वळवायची नव्हती. मान वळवायला डोक्याची परवानगी लागते, आणि डोकं देत नव्हतं. उन्हाची पट्टी त्याच्या पायावर होती. पिशवीतली माती घळघळत गुडघ्यावर सांडत होती. त्याच्या डावीकडं, हातभर अंतरावर, पोत्याच्या सुतळ्यांचा आवाज झाला. बसल्या जागी कोणी वजन या मांडीवरून त्या मांडीवर घेतं, तेवढाच.

आणि अंजिराच्या चिकाचा वास आला, कच्चा, हिरवा. तिच्या हाताला कायम यायचा. जेवतानाही यायचा. त्यावरूनही तो भांडला होता.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. पट्टी पायावरून भिंतीवर गेली तेव्हा त्यानं मान वळवली.

डावीकडचं पोतं रिकामं होतं. मधोमध दबलेलं होतं. त्यानं हात लावला नाही. गरम लागलं असतं तर काय करायचं, आणि गार लागलं असतं तर काय करायचं?

तळव्यातली काडी मात्र होती. त्यानं अंगठा फिरवला. अंजीर. ओली, रसरशीत. एक टोक सरळ, एक तिरकं. आणि मध्यावर एकाच पेरावर दोन डोळे, कोंब फुटायच्या जागा, शेजारी शेजारी, जुळ्यांसारखे.

अंगठा तिथंच थांबला. ही काडी त्याच्या ओळखीची होती.

५

ती गेली त्या दिवशीचं त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. पोरीलाही नाही.

त्या दिवशी तिला अंजिराच्या बुडाशी लाकडाचा भुसा दिसला होता. चिमूटभर. “अहो, किडा लागतोय,” ती म्हणाली होती. “आताच चार काड्या लावून ठेवू.” “काही होत नाही त्याला,” तो म्हणाला होता. तरी तिनं कापायला घेतल्या. पहिलीच काडी तिनं त्याच्या हातात ठेवली. तिच्यावर जुळे डोळे होते. असे डोळे वर्षात एखादे दिसतात, म्हणून त्यानं अंगठा फिरवून बघितला. आणि खोचायला घेतली.

“अहो, उलटी धरलीय.”

एवढंच म्हणाली. नेहमीच्या आवाजात.

आणि तो उसळला. काय काय बोलला ते त्याला आठवत होतं, एकूण एक शब्द. मला शिकवू नकोस. तुझ्या बापानं शेती बघितली होती का? लाव तूच. काडी त्यानं दारातून बाहेर भिरकावली आणि तसाच निघून गेला, विहिरीकडं. तासाभरानं राग उतरला. परत आला तेव्हा ती पोत्यावर होती, भिंतीला टेकलेली, चाकू मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, कधीही झालं असतं, तुमच्या हातात काही नव्हतं. डॉक्टरला काय माहीत त्याच्या हातात काय होतं.

त्या काडीला पाच महिने झाले होते. पाच महिन्यांत काडी वाळते, भुगा होते, मुंग्या नेतात. आणि ती आता त्याच्या हातात होती, हिरवी, कापातून चीक गळत असलेली.

तो उठला. घरात गेला, खण उघडला आणि चष्म्याची डबी काढली. पोरीनं करून दिल्यापासून ती उघडलीच नव्हती. चष्मा लावला. आधी त्याला आपले हात दिसले. इतके म्हातारे हात आपले आहेत, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग तो शेडमध्ये आला, प्लास्टिक बाजूला केलं आणि एकेक काडी बघितली. डोळ्याचं टोक कुठं वळलंय, त्याच्याखाली पानाची खूण कुठं आहे. चोवीसच्या चोवीस काड्या सुलट होत्या. पंधरांना तिरका काप होता आणि बुडाशी दोन बोटं. नऊंना सरळ काप होता आणि बुडाशी त्याचा अंगठा.

त्या नऊंना कोणी हात लावला नव्हता, कारण त्या मुळातच बरोबर होत्या.

पंधरा त्यानं उलट्या लावल्या होत्या.

झोपेत चालणाऱ्या आंधळ्या म्हाताऱ्यानं नेमक्या चुकलेल्याच पंधरा निवडल्या असत्या का? त्यानं नीट विचार केला. डोकं चालवलं, जेवढं होतं तेवढं. मग ते चालवणं सोडून दिलं आणि तिथंच, टेबलाला धरून, वाळलेल्या झाडासारखा उभा राहिला.

त्याला ओरडायला कोणी नव्हतं, आणि पहिल्यांदाच ओरडावंसं वाटत नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ती पंचविसावी काडी घेतली. चष्मा लावला. वर कुठलं ते नीट बघितलं. आणि मुद्दाम, डोळ्यांदेखत, ती उलटी खोचली.

असं त्यानं का केलं ते सांगता येणार नाही. पोरं दारावर टिचकी मारून पळतात तसं काहीतरी. फक्त तो पळाला नाही. प्लास्टिक सोडलं आणि समोर, पोत्याकडं पाठ करून, उभा राहिला.

प्लास्टिकच्या आत दव धरलेलं होतं. पांढरं, दाट. आतल्या काड्या म्हणजे नुसत्या सावल्या. टेबलाखाली रिकाम्या कुंड्या. टेबलामागं भिंत. कुलूप आतून, किल्ली गळ्यात. पत्रा कडकडला. पाइप गुरगुरला.

मग तेही थांबलं.

आतल्या दवावर एक थेंब घसरला. नंतर दुसरा. आणि मग प्लास्टिक आतून पुसलं गेलं. डावीकडून उजवीकडं, एकदाच, सावकाश. ती पुसायची तसं, तव्याएवढी जागा, आत बघण्यापुरती. पण ती नेहमी बाहेरून पुसायची.

पुसलेल्या जागी तळवा टेकला. त्याच्या बाजूनं फक्त तळव्याची आतली बाजू दिसली, चिकानं काळी पडलेली. चार बोटं आणि अंगठा. मधलं बोट बाकीच्यांपेक्षा आखूड, टोकाला गोल. मनगटाच्या मागं जिथं हात असायला हवा, तिथं नुसतं दव होतं.

काडीवाल्याला पळायला दार पाच पावलांवर होतं, आणि किल्ली लावायला हात हवे होते, आणि हात त्याचे नव्हते.

अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. त्याच्या तोंडून दुसरंच निघालं.

“उलटीच धरली होती गं.”

तळवा तसाच.

“तू बरोबर होतीस. भुशाचंही बरोबर होतीस. मी...” त्याला पुढचं येईना. माफी मागायची कशी ते तो शिकलाच नव्हता. एकतीस वर्षांत गरजच पडू दिली नव्हती. शेवटी त्याला जमेल ते तो बोलला. “बरं झालं आलीस. फार बरं झालं. पंधरा काड्या मेल्या असत्या माझ्या.”

त्यानं स्वतःचा हात उचलला, प्लास्टिकच्या बाहेरून, तळव्यासमोर. टेकवला नाही. धीर झाला नाही. बोटभर अंतरावर धरला. प्लास्टिकवरून गारवा येत होता, आणि मधोमध, तळव्याएवढ्याच जागेतून, ऊब.

दव हळूहळू परत धरलं. आधी बोटं गेली, मग तळवा. आखूड बोट सगळ्यात शेवटी.

त्यानं प्लास्टिक उचललं. चोवीस काड्या जागेवर होत्या. पंचविसावी नव्हती. वाळूत तिचं भोक तेवढं होतं.

पाठीमागं सुतळ्यांचा आवाज झाला.

तो वळला तेव्हा दोन्ही पोती रिकामी होती. काडी त्याच्या पोत्यावर होती, त्याच्या बसायच्या जागी, आडवी ठेवलेली. फिरवून दिलेली नव्हती, खोचलेली नव्हती. त्याच्यासाठी ठेवलेली होती.

“लाव तूच,” तो त्या दिवशी तिला म्हणाला होता.

त्यानं काडी उचलली, चष्म्याखाली धरली, जुळ्या डोळ्यांची टोकं बघितली. सरळ टोक खाली, तिरकं वर. खोचली. अंगठ्यानं दाबली. मग तिथंच बसून म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडला. दुःखानं म्हणाल तर तसंही नाही. कोणी ताटात गरम वाढावं आणि आपण दोन दिवसांचे उपाशी असावं, तसं.

त्यानंतर चाकूवर पुन्हा चीक दिसला नाही.

७

महिना भरला त्या रविवारी पोरगी आली. टेम्पो घेऊनच आली, रिकामा, दोऱ्या आणि जुन्या चादरींसकट. बापाचं सामान न्यायची तिची पूर्ण तयारी होती.

शेडच्या दारात ती थबकली. आधी तिला बाप दिसला, चष्मा लावलेला.

“बाबा! लावलात?”

“दिसत नाही का? तुझा नंबर काय आहे?”

ती हसली आणि मग तिचं हसू अडलं, कारण त्यानं प्लास्टिक पूर्ण काढलेलं होतं. पंचवीस काड्या, आणि पंचवीसच्या पंचवीस फुटलेल्या. पानं अजून बोटाएवढी, पण अंजिराचीच, पंज्यासारखी. एका काडीवर जुळे कोंब होते.

ती वाकली. डोळे तपासणारी पोरगी. तिच्या नजरेतून सुई सुटत नाही. तिनं पानं बघितली, तिरके काप बघितले, आणि मग वाळू बघितली. बापानं एक महिना वरून पाणी घालताना तळहात आडवा धरला होता, पंधरा काड्यांच्या बुडाजवळचे खड्डे मोडू नयेत म्हणून. ते तसेच होते. एक खोल, एक उथळ.

तिनं एका खड्ड्यात स्वतःची बोटं ठेवली. मधलं बोट मावेना.

“बाबा,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. “हे कोणी दाबलंय?”

काडीवाल्यानं खिळ्यावरचा चाकू काढला. त्यानं तो घासून लख्ख केला होता. शेजारच्या पाटीत तुतीच्या फांद्या होत्या, सकाळीच छाटलेल्या.

“टेम्पो परत पाठव,” तो म्हणाला.

“आधी मला सांगा, हे...”

“मी एकटा पडत नाही इथं. तुला तीच काळजी होती ना? ती सोड.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग पोत्यांकडं. उजवीकडचं पोतं त्याच्या बसण्यानं दबलेलं होतं. डावीकडचंही दबलेलं होतं, मधोमध.

“तुझ्या आईनं मला वाचवलं,” तो म्हणाला. ओरडला नाही, तिला तेच जास्त विचित्र वाटलं. “आणि माझ्यानं कधी तिला चांगलं म्हणवलं नाही. आता म्हणतो, रोज म्हणतो. पण कापायचं काम माझं नाही. माझा काप सरळ जातो.”

त्यानं चाकूची मूठ तिच्याकडं केली.

“धर. वरून तिरका, खालून सरळ. त्या पोत्यावर बस. आणि सगळं पोतं घेऊ नकोस, सरकून बस. अर्धी जागा सोड.”